जांभळ्या रंगाची साक्ष

तो कंद घरात आला तो वर्तमानपत्रात गुंडाळून. ओबडधोबड, केसाळ, अंगभर माती. रस्त्यात पडलेला आढळता तर कोणी पायानेही बाजूला सारला नसता. मराठीत ज्याला कोनफळ म्हणतात त्याच्याच गोत्रातला. फिलिपिन्सच्या बेटांवर त्याला उबे म्हणतात. घेऊन आलेली बाई त्याच बेटांवरची, व्हायोलिन शिकवून पोट भरणारी. तिच्या आईला शनिवारी ऐंशी वर्षे पूर्ण होणार होती, आणि त्या दिवसासाठी तिला तीस मॅकरॉन हवे होते.

"रंग या कंदाचाच हवा," असे तिने दोनदा बजावले होते. "बाटलीतला नको. आईला लगेच कळतं."

रंगाऱ्याच्या लेकीने हो म्हटले खरे. पण दार लावून ती वळली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेला बसवलेल्या मुलीसारखा झाला होता. त्याला कारण होते.

ही लेक घरीच मॅकरॉन करीत असे. बदामाचे पीठ, पिठीसाखर आणि अंड्यातले पांढरे यांतून साधणाऱ्या त्या दोन नाजूक चकत्या, आणि त्यांच्यामध्ये सारण. आसपासची चार चहाची दुकाने तिचेच मॅकरॉन ठेवीत. परंतु तीन वर्षांत तिने केलेला एक न् एक मॅकरॉन पांढरा होता. कोणी गुलाबी मागितला, कोणी हिरवा, ती हसून म्हणे, "आमच्याकडे पांढराच मिळतो." लोकांना वाटे, ही तिची खासियत आहे. खासियत कसली, ते भय होते.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती बापाच्या रंगशाळेत त्याच्या उजव्या हाताला उभी राहत असे. रंगाऱ्याचा बेचाळीस वर्षांचा लौकिक होता; त्याने होकार दिल्याशिवाय कापड कढईबाहेर येत नसे. एकदा एका नाटकमंडळीसाठी रेशमाचा जांभळा पडदा रंगवायचा होता. पहिली बुडवण लेकीने केली. रंगाऱ्याने कापड उजेडात धरले आणि म्हणाला, "मातकट आलाय. निळा घाल." तिने घातला. "अजून." पुन्हा घातला. तिसऱ्या बुडवणीनंतर त्याच्या मनासारखा जांभळा झाला. आणि नाटकमंडळीने तो पडदा परत पाठवला. म्हणाले, हा जांभळा नव्हे, हा काळाकुट्ट निळा आहे. तेव्हा अकरा कामगारांसमोर बाप लेकीला बोलला, "प्रमाण तू चुकवलंस. तुझ्या डोळ्यात रंगच नाही."

लेकीने हातातले रबरी मोजे काढले, घडी करून कढईच्या कडेवर ठेवले आणि ती निघून गेली. दोघांत अबोला मात्र कधी धरला गेला नाही. ती त्याला जेवायला बोलवी, त्याच्या औषधांची आठवण करी. पण रंग हा विषय त्या घरातून उठून गेला, तो गेलाच.

पुढे रंगशाळा पुतण्याने घेतली आणि रंगारी लेकीकडे राहायला आला. आल्यापासून त्याची एकच तक्रार: स्वयंपाकघरात उजेड कमी आहे. जावई वायरमन. त्याने वर्षभरात चार वेळा दिवा बदलला.

"जावईबापू, हाही मंदच आहे हो."

"बाबा, आता याहून मोठा लावला तर विमानं इथे उतरतील. दिवा नाही, डोळा बदला."

थट्टेत बोललेले खरे निघाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तोही चांगला जुना, पिकलेला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया शुक्रवारी झाली. त्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी पाठवले. ती वाटी शनिवारी दुपारी उघडायची होती. डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचा की नाही, हे रंगाऱ्याने ठरवले नव्हते. "एक डोळा पुरतो," असे तो म्हणत असे.

अशा रीतीने त्या शनिवारी सकाळी एका डोळ्याचा रंगारी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला होता, आणि त्याची लेक तीन वर्षांनी प्रथमच रंगाला हात घालत होती. संध्याकाळी सहाला व्हायोलिनची बाई येणार होती.

तयारी तिने दोन दिवस आधीपासून केली होती. कंदाचा एक भाग उकडून, लोणी आणि आटवलेले दूध घालून, परतून परतून सारण केले होते. दुसऱ्या भागाच्या पातळ चकत्या ओव्हनच्या मंद आचेवर वाळवून त्यांची वस्त्रगाळ पूड केली होती. एक तुकडा उरला होता, तो ओल्या फडक्यात झाकून ठेवला होता. कंद कापला त्या क्षणी लेक आणि जावई दोघेही "अरे बापरे!" म्हणून मागे सरले होते, हे रंगाऱ्याने ऐकले होते. त्याने वाकून पाहिले तेव्हा त्याला पिकल्या चिकूसारखे काहीतरी दिसले होते.  आजकालच्या मुलांना कशाचेही अप्रूप वाटते, असे त्याला वाटले.

लेकीने वही उघडली. ती वही एका चिंधीच्या पट्टीने बांधलेली असे. पट्टी सोडून तिने बाजूला ठेवली. मग अंड्यातले पांढरे भांड्यात ओतून त्यात लिंबाचे चार थेंब टाकले.

"लिंबू कशाला?" रंगाऱ्याने विचारले.

"तुम्हीच शिकवलंत ना? आंबट घातल्याशिवाय जांभळा उभा राहत नाही. नाहीतर राखेसारखा पडतो."

 आपले वाक्य दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या कामात, अजून जिवंत आहे, हे ऐकून मनुष्य क्षणभर गोंधळतोच.

यंत्र फिरू लागले. पाण्यासारखे पातळ, निर्विकार असे ते द्रव्य आधी फेसाळले, मग दाट झाले, मग चमकू लागले. लेकीने साखर थोडी थोडी करून सोडली. शेवटी तिने भांडे उचलले आणि सरळ बापाच्या डोक्यावर उलटे धरले.

"अगं ए!"

काहीही पडले नाही. पांढरे शुभ्र ढग भांड्याला धरून स्थिर राहिले होते.

"ही त्याची परीक्षा," लेक हसत म्हणाली.

"त्याची का माझी?" रंगारी म्हणाला; पण मनातून तो थक्क झाला होता. साखर-लिंबाखेरीज त्यात वाऱ्यावाचून काही घातले नव्हते, आणि वाऱ्यानेच त्याला बळ आले होते.

मग बदामाचे पीठ, पिठीसाखर आणि कंदाची पूड एकत्र चाळून त्या ढगांत मिसळली गेली. लेक सपाट चमच्याने मिश्रण तळातून उचलून घडी घालत होती. हळूहळू तिचा हात मंदावला. तिने भांड्यात पाहिले, खिडकीकडे नेऊन पाहिले, आणि तिच्या मनातली जुनी भीती तिच्या मानेत उतरली. ती वळली.

"बाबा, रंग बघता जरा?"

हाच तो प्रश्न. तीन वर्षांत तिने विचारला नव्हता तो. रंगारी खुर्चीत सावरून बसला. भांडे डाव्या डोळ्याजवळ घेतले, उजेडाकडे कलते केले, बोटाच्या टोकावर थोडे घेऊन अंगठ्याने पसरले, अगदी कढईतला रंग पाहावा तसे.

"मातकट आहे," तो म्हणाला. "आणि हा ओला आहे, विसरू नकोस. ओला रंग नेहमी गडद दिसतो, वाळला की एक घर उतरतो. म्हणून भांड्यात एक घर पुढे जायचं असतं. अजून घाल."

"मला वाटलं होतं, बरा आहे."

"तुला वाटलं होतं," रंगारी म्हणाला. आवाजात राग नव्हता; पण ते तीन शब्द तिच्या कानाला पुरेसे होते.

पूड मोजकीच होती. तिने सारण करून उरलेल्या उकडलेल्या कंदाचा दोन चमचे गर घेऊन मिश्रणात घातला. रंगाऱ्याने मान हलवली. आणखी एक चमचा गेला. मिश्रण सैल पडले. पिशवीतून कागदावर पिळलेले गोल एकमेकांकडे सरकू लागले. तासभर ठेवूनही त्यांच्यावर सुकी साय धरेना. ओव्हनमध्ये गेले ते फुगले, तडकले आणि खाली बसले. कढईतल्या कापडाला ओलीचे भय नसते. या पिठाचा प्राणच कोरडेपणात असतो. ही गोष्ट रंगाऱ्याला माहीत नव्हती, आणि ज्या लेकीला माहीत होती तिने स्वतःवर विश्वास ठेवला नव्हता.

लेकीने ओव्हनचा तो सपाट तवा बाहेर काढून ओट्यावर ठेवला. 

"बाईंना फोन करते," ती म्हणाली. "सांगते, पांढरे देते म्हणून. मला रंगातलं कळत नाही, हे मला आधीच माहीत होतं."

हे वाक्य बापाला लागले.  एवढ्यात जावई दारातून ओरडला, "बाबा, चला, दवाखान्याची वेळ झाली! वाटी उघडायचीय. नवा दिवा लागला का बघू."

"मी येईपर्यंत फोन करू नकोस," रंगारी जाता जाता म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वाटी काढली, उजेड टाकून पाहिले, थेंबांची बाटली दिली. "दिवसातून सहा वेळा. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही. कसं दिसतंय?"

"पांढरं," रंगारी म्हणाला. त्यांचा कोट खरोखर पांढरा होता. इतके दिवस आपण ज्याला पांढरा म्हणत होतो तो चहाचा डाग पडलेला पांढरा होता, एवढे त्याच्या ध्यानात आले. मग काळा चष्मा लावून जावयाच्या हाताला धरून तो घरी आला. 

स्वयंपाकघरात लेक नव्हती. ती मागे कपडे वाळत घालीत होती. रंगाऱ्याने चष्मा काढला.

ओट्यावर तो फसलेला तवा तसाच होता.

रंगारी जागच्या जागी उभा राहिला. त्याने आधी मागे वळून पाहिले, कुणी काही तिथे ठेवून गेले की काय म्हणून. मग पुन्हा तव्याकडे पाहिले. त्या बसक्या, तडकलेल्या चकत्यांतून एक जांभळा रंग त्याच्याकडे पाहत होता. तो जांभळा उगवतीच्या आधी आकाशाच्या तळाशी क्षणभर राहतो तसा होता. त्यात निळ्याचे गांभीर्य होते आणि तांबड्याची ऊब होती, आणि दोन्ही कुठे संपतात ते कळत नव्हते. बेचाळीस वर्षांत त्याने किती जांभळे केले होते! कुठे मुळ्या, कुठे साली, कुठे पिंपातल्या भुकट्या. आणि हा रंग मातीखाली, अंधारात, कुणी पाहणारा नसताना, एका केसाळ कंदाने आपल्या आपण तयार केला होता. कोणासाठी? रंगाऱ्याचे हात नकळत जोडले गेले.

त्याने फडक्याखालचा उरलेला तुकडा उघडला. कापलेल्या तोंडावर तोच रंग, अधिक ओला, अधिक खोल. "अरे बापरे," तो पुटपुटला. आणि दोन दिवस उशिरा का होईना, त्या घरातल्या माणसांत सामील झाला.

मग रंगाऱ्याच्या सवयीने त्याने पडताळा घेतला. उजव्या डोळ्यासमोर तळहात धरला. जांभळा विझला, उरला चिकू. हात डाव्या डोळ्यासमोर नेला. जांभळा उजळला. पुन्हा चिकू. पुन्हा जांभळा. तवा तोच, दुपार तीच, दिवाही तोच.

आणि तेव्हा त्याची नजर वहीशेजारच्या पट्टीवर गेली. ही चिंधी तो या घरात आल्यापासून पाहत आला होता. मातकट, तपकिरी, बांधायला घेतलेली कुठलीतरी चिंधी. त्याने ती उचलली. रेशीम होते. आणि ते जांभळे होते. कंदाच्या तुकड्याशेजारी धरले तर सख्खी भावंडे वाटावीत इतके जांभळे.

लेक बादली घेऊन आत आली तेव्हा बाप पट्टी हातात घेऊन उभा होता.

"चिऊ, ही कधीची?"

तिने बादली खाली ठेवली. "त्या पडद्याची. पहिल्या बुडवणीचा नमुना. तुम्ही 'निळा घाल' म्हणायच्या आधी कापून घेतला होता." मग जरा थांबून, "मला बरा वाटला होता."

रंगाऱ्याने पुन्हा एकदा एक डोळा झाकला, मग दुसरा.  त्याने खुर्ची धरली.

"हा बरा नाही," तो म्हणाला. "हा बरोबर आहे. तेव्हाही बरोबर होता. आज सकाळी भांड्यातही बरोबर होता. मातकट माझा डोळा होता, चिऊ. मी तुझ्या रंगात माझा मोतीबिंदू बघितला, आणि नाव तुला ठेवलं."

 लेक ओट्याला टेकून उभी राहिली आणि पदार्थ जळू नये म्हणून लक्ष ठेवावे तशी बापाकडे बघत राहिली.

दारातला जावई हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे माझे चार दिवे फुकट गेले."

तेव्हा लेक हसली; आणि हसता हसता तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"पूड किती आहे?" रंगाऱ्याने विचारले.

"एका घाण्याची. जेमतेम."

"मग कर."

घड्याळात सव्वातीन झाले होते. लेकीने पुन्हा अंडी फोडली, लिंबाचे चार थेंब टाकले, साखर सोडली. ढग पुन्हा उभे राहिले. पूड मिसळली, चमचा तळातून फिरू लागला, आणि रंगाऱ्याने नव्या डोळ्याने ते पाहिले: पांढऱ्यात आधी जांभळ्याच्या शिरा उठल्या, शिरांचे पट्टे झाले, पट्टे एकमेकांत विरले आणि सगळ्या भांड्याने एकच श्वास घ्यावा तसा रंग एक झाला. ज्या रंगावर आयुष्यभर हुकूम चालवला, त्याच्यापुढे आज त्याला मान वर करवत नव्हती.

लेकीचा हात मंदावला. सवय ती, तिने भांडे उचलले आणि बापाकडे नेले.

"बाबा?"

रंगाऱ्याने दोन्ही डोळे मिटून घेतले.

"अहो, बघा ना!"

"मी बघणार नाही. तू सांग."

 लेकीने भांडे खिडकीशी नेल्याचे त्याला पावलांवरून कळले. चमचा एकदा वर उचलला गेला. त्यावरून मिश्रण जाडसर पट्टीसारखे खाली ओघळले असावे, कारण तेवढा वेळ ती थांबली.

"झालाय," ती म्हणाली. मग अधिक स्पष्टपणे, "काही घालायचं नाही. झालाय."

"मग झालाय," रंगारी म्हणाला आणि डोळे उघडले.

साठ गोल कागदावर पिळले गेले. तिने तवा ओट्यावर दोनदा आपटला. आतले बुडबुडे फुटले. पाऊण तासाने तिने एका गोलावरून बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही. साय धरली होती. तवा ओव्हनमध्ये गेला.

"आता पाय फुटतात का बघायचं," लेक म्हणाली.

"पाय?"

"खालून झालर येते. तिला पाय म्हणतात. आले तर मॅकरॉन, नाहीतर बिस्किट."

डॉक्टरीणबाईंनी वाकायला मनाई केली होती. तेव्हा जावयाने एक बुटके स्टूल आणून ओव्हनच्या काचेसमोर ठेवले आणि रंगाऱ्याला ताठ बसवले. शेजारी फरशीवर लेक मांडी घालून बसली. पाच मिनिटे काही झाले नाही. सहाव्या मिनिटाला एका कोपऱ्यातला गोल हलला. गुळगुळीत माथा तसाच ठेवून तो सबंधच्या सबंध वर उचलला गेला, जणू कोणी खालून तळहात दिला. आणि त्याच्या बुडाशी बारीक, फेसाळ, जांभळी झालर फुटली. मग शेजारचा. मग ओळच्या ओळ. साठच्या साठ आपापल्या पायांवर उभे राहिले.

"बाई गं," रंगारी म्हणाला.  "हे रोज होतं?"

"रोज. पण मी कधी बसून बघितलं नव्हतं," लेक म्हणाली.

बरोबर सहाला व्हायोलिनची बाई आली. तिच्यासोबत तिचे दोन शिष्य होते, आणि शेजारच्या चहाच्या दुकानाची मालकीणही उद्याचा माल न्यायला तेव्हाच उगवली. लेकीने खोक्याचे झाकण काढले. सारण भरून जोडलेले तीस मॅकरॉन, सहा सहाच्या पाच ओळी.  बाईने एक उचलून उजेडात धरला, नाकाशी नेला, आणि स्वतःच्या भाषेत हळूच एक शब्द उच्चारला. तो कोणाला कळला नाही.

"रंग कोणी धरला हा?" शेवटी तिने विचारले. "यांनी? हे रंगारी आहेत असं ऐकलंय."

लेकीने तोंड उघडले होते. पण रंगारी स्टुलावरून उठला. चारचौघांत बोललेले चारचौघांतच मागे घ्यावे लागते, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मी नाही," तो म्हणाला. "मी तर सकाळी बिघडवला होता, तो तवा अजून तिथे आहे, बघा. हा माझ्या लेकीने धरला. एकदा अकरा माणसांसमोर मी हिला म्हणालो होतो, तुझ्या डोळ्यात रंग नाही. ती अकरा माणसं आता इथे नाहीत. पुतण्याकडे आहेत. सोमवारी मी तिथे जाऊन त्यांनाही हेच सांगणार आहे. तोवर तुम्ही ऐका. आमच्या घरात रंगाचा डोळा हिचा आहे."

चहावाली मालकीण खोक्यात डोकावून म्हणाली, "मग मला पांढरेच का देतेस गं इतकी वर्षं?"

सगळे हसले. बाईने खोका दोन्ही हातांनी उचलला, पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे न्यावे तसा, आणि ती पायऱ्या उतरून गेली.

दार लागले. जावयाने सकाळच्या तव्यावरची एक बसकी चकती तोंडात टाकली आणि चवीला काही वाईट नाही असा निर्वाळा दिला. रंगारी त्याला म्हणाला, "जावईबापू, डाव्या डोळ्याची तारीख घेऊन टाका. एक पुरत नाही."

लेकीने ती रेशमी पट्टी वहीभोवती पुन्हा बांधली, हात धुतले आणि थेंबांची बाटली घेतली.

"बाबा, वेळ झाली. मान मागे करा."

त्याने मान मागे केली. तिने एका हाताने त्याची पापणी अलगद उघडली. थेंब पडला, आणि ओट्यावरचा तो जांभळा क्षणभर सगळ्या खोलीत पसरला.

"हलू नका," ती म्हणाली.

तो हलला नाही.